धाकट्याच्या सिनेमाबाबत घेतलेली खबरदारी

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आजपासून रोजनिशी. कारण एकच. पुढेमागे चौकशी झाली तर आपली बाजू तारीखवार नोंदलेली असावी. विमा कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी करणाऱ्याला एवढं कळतं, की कागद नसेल तर मेलेला माणूससुद्धा मेला हे सिद्ध होत नाही.

वही कोणाला दाखवायची नाही. चौकशी झाली तरच दाखवायची. किंवा चौकशी झाली तर आधी जाळायची. नंतर ठरवू.

पेन्सिलीने लिहायचं. धाकट्या भावाचं नाव कुठेही लिहायचं नाही. तो गेला, त्याला आता कोणी काही करू शकत नाही. पण आई, बायको रोझलिन आणि मी वसईतच राहतो, होळी गावात, तेही रस्त्याला लागून. त्याला 'धाकटा' म्हणायचं.

मी घाबरलेलो नाही. सावध आहे.

सकाळी धाकट्याची स्कूटर सुरू करून थोडा वेळ चालू ठेवली. दर रविवारी करतो. बॅटरी उतरते.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मूळ प्रकरण लिहून ठेवतो.

धाकट्याने एक चित्रकादंबरी काढली होती. नाव 'झाकण'. सगळी काळ्या शाईची चित्रं आणि फुग्यांमध्ये संवाद. गोष्ट अशी: समुद्राकाठच्या एका गावात 'मंडळ' नावाचं सरकार येतं. लोक विहिरीवर जमतात आणि बोलतात, हे मंडळाला आवडत नाही. म्हणून सगळ्या विहिरींवर सिमेंटची झाकणं बसवतात. पाणी नळाने. जो घरात कमी बोलेल त्याला जास्त पाणी. जे फार बोलतात ते एक दिवस दिसेनासे होतात आणि मग त्यांचं नावसुद्धा घ्यायचं नाही, असा हुकूम. एक म्हातारी तेवढी आपली विहीर कोंबड्यांच्या खुराड्याखाली लपवते. लोक चोरून तिच्याकडे येतात, विहिरीत वाकून आपल्या माणसाचं नाव घेतात. विहीर ते परत ऐकवते.

म्हातारी म्हणजे हुबेहूब आमची आई. लाल लुगडं, कानातले, सगळं.

मी पुस्तक वाचलं आहे. म्हणजे चाळलं आहे.

प्रकाशनाच्या वेळी कोणाचे तरी फोन आले, हॉलवाल्याने ऐन वेळी हॉल नाकारला. धाकटा हसला. म्हणाला, दादा, अजून वाचलं पण नाही त्यांनी. गेल्या नोव्हेंबरात साध्या तापाने गेला. आता त्या पुस्तकावर सिनेमा येतोय. हसणारा गेला, फोन घ्यायला मी उरलो.

रविवार, २१ सप्टेंबर

भूपेश येऊन गेला. आचोळ्याचा मुलगा, धाकट्याचा दोस्त. सिनेमा कंपनीत काम करतो, पुस्तक त्यानेच तिकडे नेलं. सिनेमा चौदा नोव्हेंबरला लागणार. म्हणाला, काका, पहिलीच प्लेट त्याच्या नावाची आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, म्युझिक एकदम बंद.

आईने विचारलं, अक्षर केवढं? भूपेशने दोन्ही हात पसरले. टीपॉयवरचा ग्लास पडला. आई म्हणाली, एवढं? मंग मी डोळ्याचं आपरेशन करून घेते. मोतीबिंदूला आजवर डॉक्टरचा हात लावू देत नव्हती.

म्युझिक बंद. म्हणजे सगळ्या थिएटरचं लक्ष नेमकं तिकडेच. हे त्या मुलाच्या डोक्यात येत नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

आईचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ओट्यावर बसते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, माझ्या बारक्याचं नाव येनार हाय, म्हनून डोळा केला.

येणाऱ्याजाणाऱ्याला! रस्त्याला लागून घर!

ऑफिसमधून भूपेशला फोन केला. बाहेर जिन्यात जाऊन. म्हटलं, ती प्लेट काढून टाक. त्याला वाटलं आवाज नीट येत नाही. पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, काका, लोक नाव टाका म्हणून कोर्टात जातात. म्हटलं, काही काळासाठी काढ, वातावरण बघून परत टाकता येईल. तो म्हणाला, काका, पिक्चर आहे, पाटी नाही. मी वारस म्हणून सही करणारा आहे याची आठवण करून दिली. शेवटी म्हणाला, आजींना सांगितलंत का?

योग्य वेळी सांगणार आहे.

आमच्या भाषेत याला जोखीम कमी करणं म्हणतात. जेवण चांगलं गेलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

सुट्टीचा सदुपयोग. माळ्यावर 'झाकण'च्या उरलेल्या प्रतींचे खोके आहेत. झडती झाली तर पहिला माळा बघतात. रोझलिन मार्केटला गेल्यावर खोके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खुराड्याखाली सरकवले. कोंबड्यांनी विरोध केला. वर भुसा पसरला. अगदी बेमालूम. कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

ऑफिसला जाताना बसमध्ये लक्षात आलं. पुस्तकात म्हातारी विहीर खुराड्याखालीच लपवते. मुखपृष्ठावरच खुराडं आहे. ज्याने पुस्तक नुसतं हातात घेतलंय तो पहिला तिथेच हात घालणार.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एका माणसाचा हाताच्या फ्रॅक्चरचा क्लेम पायात टाकला.

रविवार, ५ ऑक्टोबर

प्रश्न कायमचा सुटला.

चर्चमागच्या खोलीत नाताळच्या गोठ्याचं सामान असतं. पेंढा, मेंढपाळ, तीन राजे, मोडका उंट. गावातला प्रत्येक जण तिथे काही ना काही आणून टाकतो, कोणी विचारत नाही. चावी सेबेस्टियनकडे. तो चर्चच्या ऑफिसातही बसतो आणि गोठा कमिटीचा प्रमुखही तोच. शाळेपासूनचा दोस्त. मला आलू म्हणतो. त्याला म्हटलं, थोडं सामान ठेवतो. तो म्हणाला, ठेव की, उंटाच्या मागे जागा आहे.

खोक्यांवर संशय नको म्हणून जाड अक्षरात लिहिलं: 'जुने कागद, गोठ्यासाठी'. पोलीस सोडा, देवदूताला पण कळणार नाही आत काय आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पोलीस आले.

थोडक्यात लिहितो. अर्धी रजा होती. मी वाडीत केळींमध्ये होतो. बुलेटचा आवाज. गेटपाशी वर्दी. हाक आली, तुस्कानो इथेच राहतात का? मी केळीत होतो, केळीतच राहिलो. खाली बसलो. डोक्यात आलं, आई ओट्यावर आहे, ती आता सगळं सांगणार, नावासकट.

रोझलिन बाहेर आली. म्हणाली, कोणता तुस्कानो? इथे अर्धं गाव तुस्कानो आहे. पोस्टमन पण रडतो. हवालदार म्हणाला, क्रिस्टिना. पासपोर्टची चौकशी. रोझलिन म्हणाली, ती नर्स होऊन आयर्लंडला चाललीय, चिंचेपलीकडचं घर. त्याला पाणी दिलं. त्याने केळीचं कौतुक केलं. तिने मोठ्याने हाक मारली, अहो, केळीत बसला आहात तर येताना एक फणी कापून आणा साहेबांना.

फणी घेऊन जावं लागलं. गुडघ्याला चिखल. हवालदार म्हणाला, नमस्कार, तुम्ही घरचेच का? मी म्हणालो, नाही, मी इथला नाही.

आई म्हणाली, तो माजा मोटा.

हवालदार फणी घेऊन गेला. पासपोर्ट हा बहाणा असू शकतो. क्रिस्टिना खरंच आयर्लंडला जातेय का, याची खात्री करून घेणार.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

खरंच जातेय. बॅगासुद्धा आणल्यात.

तरीही.

रविवार, २६ ऑक्टोबर

ठरवलं, पुस्तक एकदा नीट वाचायचं. धोका नेमका कोणत्या पानावर आहे ते कळल्याशिवाय अंदाज बांधता येत नाही. प्रती सगळ्या उंटामागे. एकच घरात आहे, आईच्या उशाशी, प्रार्थनेच्या पुस्तकाबरोबर. ती चर्चमध्ये मिस्साला गेली तेव्हा घेतली.

धोका प्रत्येक पानावर आहे. मंडळाचा अध्यक्ष एका चित्रात नुसता जांभई देतोय, तीसुद्धा आक्षेपार्ह वाटते.

एक पात्र मात्र छान. झाकण खात्यातला क्लार्क. झाकणांची मापं घेतो, पावत्या फाडतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. रस्त्यात गडबड झाली की बुटाची नाडी बांधायला वाकतो. सज्जन माणूस. बिनबाह्यांचा स्वेटर घालतो, तसाच माझ्याकडे आहे. धाकट्याने असा माणूस कुठे पाहिला असेल? त्याच्या ओळखीत तर सगळे दाढीवाले होते.

शेवटची पानं राहिली. आई आली.

स्कूटर सुरू केली. आज दुसऱ्या किकला झाली.

बुधवार, २९ ऑक्टोबर

अठरा नोव्हेंबरला धाकट्याला वर्ष होतं. वर्षाचा मिस्सा सांगायला चर्चच्या ऑफिसात गेलो. मिस्साच्या सुरुवातीला फादर नाव पुकारतात, अमक्याच्या पहिल्या पुण्यस्मरणार्थ. हे माईकवर पुकारतात आणि आमच्या चर्चचा स्पीकर पार मासळीबाजारापर्यंत ऐकू जातो. सिनेमा लागून चार दिवस झालेले असणार. म्हणजे वातावरण अगदी तापलेलं.

सेबेस्टियनला म्हटलं, नाव नको लिहूस. 'एका कुटुंबाच्या खास हेतूसाठी' असं लिही. त्याने पेन खाली ठेवलं. अरे आलू, हे पोरीचं लग्न जमत नसेल तेव्हा लिहितात. म्हटलं, लिही. तो म्हणाला, आईला विचारलंस? म्हटलं, देवाला कळतं कोणाबद्दल आहे ते.

तो म्हणाला, देवाला कळतं रे. नाव आपल्यासाठी पुकारतात.

लिहिलं एकदाचं त्याने. सेबेस्टियनचं अक्षर पूर्वी चांगलं होतं.

रविवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सिमेत्रीत गर्दी. सगळ्या कबरी धुऊन फुलांनी भरलेल्या. आईने धाकट्याच्या क्रूसावरचं नाव ओल्या कपड्याने पुसलं, एकेक अक्षर, नव्या डोळ्याने वाचत. मी हार असा ठेवला की अर्धं नाव झाकलं जावं. आईने हार सरकवला. मी परत ठेवला. वारा आहे, म्हटलं. तिने हार काढून पायाशी ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ऑपरेशननंतर तिची नजर जरा जास्तच सुधारली आहे.

सांगायला हवं होतं तिला प्लेटबद्दल. पण एवढ्या मेणबत्त्यांमध्ये कसं सांगणार.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शुक्रवारी सिनेमा. छातीत धडधड. डॉक्टरने कार्डिओग्राम काढला, काही नाही म्हणाला. विचारलं, कसलं टेन्शन? म्हटलं, सिनेमाला जायचंय. तो म्हणाला, मग जाऊ नका.

योजना तयार. वसईत बघायचा नाही. बोळिंजला जायचं, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. शेवटची रांग, बाहेर पडायच्या दाराजवळ. दगडफेक झाली तर आईला डाव्या बाजूने काढायचं. रोझलिनला जिना दाखवून ठेवायचा. आईला लाल लुगडं नेसू द्यायचं नाही, पडद्यावरच्या म्हातारीशी साम्य दिसेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आई लाल लुगडं नेसली. वर सोन्याची फुलं.

सिनेमाचं नाव त्यांनी बदललं आहे: 'थेंब थेंब तू'. पोस्टरवर भिजलेली मुलगी. थिएटरबाहेर मोर्चा नव्हता. आतही नव्हता. आम्ही तिघं, दोन जोडपी, आणि एक माणूस जो भिंतीतल्या प्लगला मोबाईल लावून तिथेच बसला होता. त्याच्यावर मी लक्ष ठेवून होतो. साध्या कपड्यांतला पोलीस असू शकतो.

दिवे गेले. आई पुढे सरकून बसली, समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. पडदा काळा झाला. म्युझिक एकदम बंद झालं.

काहीच आलं नाही. नुसता काळा. भूपेशने नाव काढलं होतं, जागा तशीच ठेवली होती. बराच वेळ काळं. आई म्हणाली, लाईट गेली काय?

मग गाणं सुरू झालं.

पुढचं लिहिण्यासारखं नाही, तरी नोंद म्हणून. म्हातारी नाही. तिच्या जागी कॉलेजची मुलगी, लाल लुगड्याऐवजी लाल स्कर्ट. विहीर नाही, रिसॉर्टचा स्विमिंग पूल. मंडळ म्हणजे परदेशी पाण्याच्या बाटल्यांची कंपनी. सरकार बिचारं भोळं, त्याला काही माहीतच नाही. शेवटी मंत्री हेलिकॉप्टरने येतो आणि स्वतःच्या हाताने झाकण उघडतो. आत लोक नावं घेत नाहीत, नाणी टाकतात आणि प्रेम मागतात. अध्यक्षाचा कुत्रा आहे, त्याला स्वतंत्र गाणं.

क्लार्क पूर्ण कापला आहे. हे मात्र चुकीचं केलं. सबंध पुस्तकात तोच काय तो जबाबदार माणूस होता.

मी इंटरव्हलपर्यंत खुर्चीचा दांडा धरून होतो. धरण्यासारखं काही घडलं नाही. मोबाईलवाला चार्जिंग झाल्यावर उठून गेला.

सिनेमा संपला तरी आई उठेना. नावं वर सरकत होती, लायटिंगवाले, चहावाले, कुत्र्याचा ट्रेनर. आई प्रत्येक ओळ वाचत होती, ओठ हलत होते. झाडूवाली आत आली. रोझलिन म्हणाली, आई, चला. आई म्हणाली, थांब, येल हाय अजून. सगळ्यात शेवटी एक ओळ आली. विशेष आभार: श्री. आलोशियस तुस्कानो.

आई म्हणाली, तुझं आलं.

धोका टळला आहे. टळल्यासारखं वाटत नाही, पण ते सवयीने.

रविवार, १६ नोव्हेंबर

सगळे पेपर आणले. निषेध कुठेही नाही. एका पेपरात कोपऱ्यात तीन ओळी: कुत्र्याचं काम उत्तम, लहान मुलांना आवडेल.

आईने विचारलं नाही. तिने विचारावं म्हणून मी दोनदा तिच्या खोलीत जाऊन पंखा लावला आणि बंद केला.

स्कूटर सुरू झाली नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मिस्सा. आई पुढच्या बाकावर, मी तिच्या शेजारी. फादर माईकपाशी आले आणि म्हणाले, आजचा मिस्सा एका कुटुंबाच्या खास हेतूसाठी.

आई उभी राहिली. काठी पडली. ती मोठ्याने म्हणाली, फादर, कुटुंब न्हाय. माजा मुलगा हाय. आणि तिने त्याचं नाव घेतलं. बाप्तिस्म्याचं, बापाचं, आडनाव, सगळं. माईक लांब होता पण आईचा आवाज वाडीतला आहे, त्याला माईक लागत नाही. नाव स्पीकरमधून बाहेर गेलं, मासळीबाजारापर्यंत.

मागे वळून पाहिलं. कोण उठतं, कोण मोबाईल काढतं. कोणी उठलं नाही. एक लहान पोर बाक चावत होतं. फादर थांबले, मग त्यांनी तेच नाव माईकवर नीट पुकारलं. मागून कोणीतरी आमेन म्हणालं. मग बरेच जण.

मी म्हणालो नाही. आईची काठी उचलत होतो.

बाहेर आल्यावर आईला म्हटलं, मी तुमच्या सगळ्यांच्या काळजीपोटीच करतो. ती म्हणाली, तुला कोन न्यायला येतंय, आलू? तुला कोन वळखतो?

शनिवार, २२ नोव्हेंबर

बोळिंजहून सिनेमा उतरला. वसईत लागलाच नव्हता.

अजून कोणीही आलेलं नाही. फोन नाही, पत्र नाही. गेटवर परवा एक माणूस थांबला होता. त्याला पपई हवी होती.

रविवार, ३० नोव्हेंबर

आता धोका नाही हे सिद्ध झालं. तेव्हा निर्णय: नाव परत टाकायचं. मी काही काळासाठीच म्हटलं होतं. भूपेशला फोन केला, वाडीतून, नेहमीच्या आवाजात. म्हटलं, आता टाक प्लेट. तो म्हणाला, कुठे टाकू काका? पिक्चर उतरला. कंपनीने पुढचं काम पण घेतलं.

विचारलं, एवढं सगळं बदललं ते कोणाच्या धमकीमुळे? तो म्हणाला, धमकी कोण देणार, कोणाला माहीतच नव्हतं. फायनान्सरच्या मेव्हण्याला विहिरीची भीती वाटते, म्हणून पूल केला. बाकी हळूहळू होत गेलं. मग म्हणाला, काका, मी एकेक गोष्ट सोडत गेलो. म्हातारी सोडली. कुत्र्याला हो म्हटलं. म्हटलं, पहिली प्लेट आहे ना आपली, काळा पडदा, म्युझिक बंद, तिथे कोणी हात लावणार नाही. तेवढ्या एका प्लेटसाठी थांबलो होतो.

मी फोन ठेवला.

वाडीत बराच वेळ उभा होतो. मोटार चालू राहिली, पाणी बांधावरून गेलं.

पण पुस्तक आहे! सिनेमा गेला तरी प्रती आहेत, खोके भरून. त्या बाहेर काढायच्या. शाळांना, लायब्ररीला, भूपेशला, नाक्यावरच्या पेपरवाल्याला पण ठेवायला द्यायच्या. उघडपणे. उद्याच सेबेस्टियनकडे जातो.

रविवार, ७ डिसेंबर

आठवडाभर सर्दी होती. आज गेलो.

खोलीत पेंढा नाही, राजे नाहीत, उंट नाही. खोके नाहीत. सगळं बाहेर चर्चच्या आवारात, मांडवाखाली. गोठ्याचं काम जोरात. दर वर्षी आमच्याकडे कागद चुरगाळून, खळ लावून, वर तपकिरी रंग मारून डोंगर करतात. सेबेस्टियन शिडीवर होता. मला बघून ओरडला, अरे आलू, तुझा कागद काय जाड आहे रे! दर वर्षी डोंगर बसतो आपला. यंदा बघ, कसा उभा आहे.

बघितलं. उभा होता. बेथलेहेमच्या मागे, मांडवाला टेकेल एवढा.

म्हटलं, सेबेस्टियन, ती पुस्तकं होती. तो शिडीवरून उतरला. त्याने खिशातून चष्मा काढला आणि डोंगराजवळ जाऊन बघितलं. मग चष्मा परत खिशात ठेवला. म्हणाला, पोरांनी फाडली रे. मी नुसतं खोक्यावरचं वाचलं. तूच लिहिलं होतंस, गोठ्यासाठी.

अक्षर माझंच होतं. खूप सुवाच्य.

रविवार, २१ डिसेंबर

गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले. एक फादर आणि एक सिस्टर, दुसऱ्या गावातले. मी आधी जाऊन पाहणी केली होती. डोंगरावर एका ठिकाणी रंग पातळ झालाय. मुखपृष्ठाचा तुकडा आहे. धाकट्याचं नाव स्पष्ट वाचता येतं, मेंढपाळाच्या डोक्यावर. मी तिथे एक मेंढरू ठेवलं. सेबेस्टियनने ते काढून खाली इतर मेंढरांत ठेवलं. मी परत ठेवलं. परीक्षक आत येताना त्याने परत काढलं.

सिस्टर डोंगराशी थांबल्या. वाकून वाचलं. विचारलं, हे कोण?

सेबेस्टियन माझ्याकडे बघत राहिला. पोरं पण. मी ठरवून गेलो होतो काय बोलायचं ते. घरी आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. म्हणायचं होतं, सिस्टर, हा माझा भाऊ.

म्हणालो, रद्दीवर काहीही छापलेलं असतं, सिस्टर.

त्या पुढे गेल्या. उंटाच्या मोडक्या पायाबद्दल काहीतरी विचारत होत्या. सेबेस्टियनने मेंढरू उचलून माझ्या हातात दिलं.

घरी आलो तेव्हा खुराड्यातला कोंबडा आरवला. भर संध्याकाळी. म्हातारा झालाय, वेळ कळत नाही त्याला.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ. आपल्या गोठ्याला दुसरा नंबर. डोंगराचा खास उल्लेख.

दुपारी जेवणं झाल्यावर आईने बोलावलं. उशाशी ठेवलेली प्रत माझ्याकडे दिली. आता ती एकच. म्हणाली, शेवट वाचून दाखव, बारीक अक्षराने डोळा दुखतो. रोझलिन भांडी घासत होती. दार ओढून घेतलं, मग उघडंच ठेवलं.

शेवटच्या पानांवर सगळं गाव म्हातारीकडे येतं. खुराडं बाजूला सारतात. रांग लागते. एकेक जण विहिरीत वाकतो आणि आपल्या माणसाचं नाव घेतो. प्रत्येकाच्या तोंडापाशी फुगा, फुग्यात नाव. मी सगळी नावं वाचली. आई डोळे मिटून ऐकत होती.

रांगेत सगळ्यात शेवटी क्लार्क आहे. बिनबाह्यांचा स्वेटर. हातात मापाची टेप. तो विहिरीत वाकलाय, तोंड उघडलंय. फुगाही आहे. पण कोरा.

आईने विचारलं, हा काय बोलतो?

म्हटलं, काही नाही. छापायचं राहिलंय.

आई म्हणाली, छापायचं न्हाय ऱ्हायलं. त्यानं मला दाखवलं होतं तवाच. म्हनाला, आई, हा दादा. ह्याचं त्यालाच लिवू दे.

म्हटलं, स्वेटर सारखा आहे, एवढंच. थोड्या वेळाने आईला झोप लागली.

मी पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसलो. रस्त्यावरून लोक जात होते, नव्या कपड्यांत. आत कोणी बघत नव्हतं. दोनदा खात्री केली. मग फुग्यात लिहिलं.

जोएल.

फुगा लहान आहे, आडनाव मावलं नाही.

पेन्सिलीने लिहिलंय. पण दाबून लिहिलंय.